प्रमाण गळा

माझ्या गळ्यात गाठ आहे हा शोध कुठल्याही डॉक्टराने लावला नाही. तो लावला आमच्या शिंप्याने.

"साहेब, कॉलर सोळा धरतो," माझ्या मानेभोवती टेप फिरवत तो म्हणाला.

"साडेपंधरा," मी म्हणालो. "अठरा वर्षं साडेपंधराच आहे."

"असेल. आज सोळा आहे."

आता इथे एक सांगायला हवं. मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा, कापडवाल्याचा मीटर, दूधवाल्याचं माप खरं की खोटं हे ठरवणं माझं काम. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो. मापात फरक आला की आधी समोरच्याचं साधन तपासायचं, आपल्यावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. तेव्हा मी शिंप्याच्या हातातून टेप घेतली, पिशवीतून माझी स्टीलची पट्टी काढली (हो, ती पिशवीत असतेच, लोक नाही का छत्री ठेवत?) आणि टेप आखडली आहे का ते इंचाइंचाने पाहिलं. मागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती. त्यातलं एक निघून गेलं. टेप बरोबर निघाली.

"झालं समाधान? आता गळा तपासा," शिंपी म्हणाला. "उजवीकडे टेप अडखळतेय. गिळा बघू."

मी गिळलं.

"खालीवर होतंय काहीतरी. डॉक्टरला दाखवून या. तोवर शर्ट थांबवतो."

भर दुकानात, तीन आरशांसमोर, एका शिंप्याने माझ्या गळ्याला नापास केलं होतं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, पहिलीच्या पन्नास पोरांना रोज आवरते, त्यामुळे कशानेच दचकत नाही. तिने माझ्या गळ्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "उद्याच जाऊ." एवढंच. मला जरा जास्त अपेक्षा होती.

खरं सांगतो, मला सुरीची भीती वाटते. लोकांना मी तसं सांगत नाही. लोकांना सांगताना मी "विनाकारण कापाकापी मला तत्त्वतः मान्य नाही" असं म्हणतो. पण दाढी करताना रक्ताचा थेंब दिसला तरी मी खुर्चीवर बसून घेतो, हे घरात माहीत आहे. त्यामुळे सोनोग्राफीत थायरॉइडला दोन पूर्णांक एक सेंटीमीटरची गाठ निघाली तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "न कापता जमेल ना?" आणि दुसरा प्रश्नही तोच होता.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही साडूवाले म्हणतो. कारण जगातला कुठलाही आजार घ्या, तो त्यांच्या साडूला होऊन गेलेला असतो. जिना चढताना त्यांनी मला गाठलं.

"थायरॉइड ना? अहो, आमच्या साडूला होती. लिंबाएवढी."

"मग? कापली?"

"छे! नुसती सुई. सुईतून स्पिरिट सोडलं आत. गाठ गुंगीत गेली ती गेलीच."

"स्पिरिट?"

"किंवा वीज असेल. एकदा त्याला वीजही लावली होती. एकदा तर किरणोत्सारी गोळी दिली, आठ दिवस त्याच्याजवळ कोणी बसत नव्हतं."

"एकाच गाठीला?"

"साडू आमचा हौशी आहे," ते अभिमानाने म्हणाले आणि वर गेले.

मी अस्वस्थ झालो ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या केंद्रात गाठ दोन पूर्णांक एक भरली होती. खात्री करून घ्यावी म्हणून मी दुसऱ्या केंद्रात गेलो, तिथे दोन पूर्णांक चार भरली. आठ दिवसांत तीन मिलिमीटरचा फरक! एखाद्या वाण्याच्या मापात एवढा फरक सापडला असता तर मी तिथल्या तिथे पंचनामा केला असता. मी त्यांना विचारलं, "तुमच्या मशीनवर पडताळणीचा शिक्का कुठे आहे?" त्यांनी मला दरवाजा कुठे आहे ते दाखवलं.

शेवटी आम्ही गाठींच्याच तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या स्वतःच सोनोग्राफी करतात, स्वतःच सुई घालून तपासणीला पेशी काढतात आणि बोलतात अगदी कमी. त्यांच्या मशीनवर गाठ भरली एक पूर्णांक नऊ. मी तिन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहून त्यांच्यासमोर ठेवले.

"हात वेगळा, कोन वेगळा, की एवढा फरक पडतोच," त्या म्हणाल्या. "ही गाठ आहे, पितळेचं वजन नाही."

सुईचा रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती, कर्करोग नव्हता. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच मी कामाला लागलो. न कापता काय काय करतात ते मी त्यांच्याकडून वहीत उतरवून घेतलं. गाठीत पाणी असेल तर सुईने ओढून घ्यायचं, पुन्हा भरलं तर अल्कोहोल सोडायचं, म्हणजे साडू अगदीच खोटा नव्हता. गाठ जास्त हार्मोन करत असेल तर किरणोत्सारी आयोडीन. भरीव, मोठी, त्रास देणारी गाठ असेल तर गळा फक्त बधिर करून बारीक सुई आत घालायची आणि तिच्या टोकाच्या उष्णतेने गाठ आतल्या आत भाजायची. टाका नाही, मुक्काम नाही, गाठ नंतर हळूहळू आक्रसते. हे ऐकून मी खुर्चीत ताठ बसलो.

"हेच करू या."

"तुम्हाला गरज नाही."

"मग मला काय?"

"तुम्हाला काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. लक्ष ठेवायचं, हाच तुमचा उपचार."

कसं सांगू तुम्हाला काय वाटलं! सुरी टळली याचा आनंद दारापर्यंतसुद्धा टिकला नाही. सव्वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाच्या गाठीला नुसतं लक्ष? साडूला वीज, स्पिरिट, किरणं, आणि मला "पुन्हा या"? जिन्यात लोकांना काय सांगायचं?

त्यात ऑफिस. तपासण्यांसाठी घेतलेल्या चार दिवसांची वैद्यकीय रजा मंजूर करून घ्यायला मी हेडक्लार्ककडे गेलो. हेडक्लार्क ही एक बाई आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवते आणि फॉर्मच्या बाहेरचं जग मानत नाही.

"शस्त्रक्रियेचा प्रकार?" तिने विचारलं.

"शस्त्रक्रिया नाही. न कापता उपचार."

"टाक्यांची संख्या?"

"शून्य."

"शून्य चालत नाही. एकपासून पुढे लिहायचं आहे. काढलेल्या भागाचं नाव?"

"काढलेला नाही. आतच आहे."

"मग उपचार काय झाला?"

"लक्ष ठेवलंय."

"कोणी?"

"डॉक्टरांनी. आणि मी."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, लक्ष ठेवायला रजा कशाला लागते? इथे बसून ठेवा की. कोणता मूर्ख हा फॉर्म बनवतो देव जाणे, पण नियम म्हणजे नियम."

मी गप्प बसलो, कारण तो फॉर्म मीच बनवला होता. सहा वर्षांपूर्वी एकाने पायाच्या कुरुपासाठी दोन महिने रजा लाटली तेव्हा साहेबांनी तीन माणसांची समिती नेमली, आणि "टाक्यांची संख्या" हा रकाना माझ्याच सुपीक डोक्यातून निघाला होता. त्या वेळी माझं कौतुकही झालं होतं.

मी ठरवलं, लक्षच ठेवायचं ना, मग असं ठेवतो की डॉक्टरीणबाईंनी तोंडात बोट घालावं. गाठ वाढतेय हे आकड्यांनी सिद्ध करायचं, म्हणजे ती भाजायच्या सुईला आपोआप पात्र ठरेल. मी एक रजिस्टर आखलं. तारीख, वेळ, रुंदी, जाडी, शेरा. माप घ्यायला माझा स्वतःचा कॅलिपर होता. रोज सकाळी सात वाजता मी खिडकीपाशी उभा राहायचो, बायको डाव्या हातात टॉर्च आणि उजव्या हातात आरसा धरायची, मी गळ्याला कॅलिपर लावायचो आणि आकडा मोठ्याने सांगायचो. मग ती टॉर्च काखेत धरून तो लिहायची.

आता ह्यात एक अडचण होती. बायकोला खोकला येत होता. मोठा नाही, अधूनमधून, घसा साफ केल्यासारखा. पण खोकली की आरसा हलायचा आणि माझं माप बिघडायचं.

"अगं, आरसा स्थिर धर!"

"धरतेय."

"श्वास रोखून धर हवं तर."

ती श्वास रोखून धरायची. शेऱ्याच्या रकान्यात मी न विसरता नोंद करायचो: "माप घेताना व्यत्यय (खोकला)." दोन महिन्यांत असे एकतीस व्यत्यय नोंदले गेले. माझ्या रजिस्टरात त्रुटी नसतात.

बाकी घरात सगळं ठीक चाललं होतं. किंबहुना बायको गेलं वर्षभर बरीच शांत झाली होती. पूर्वी स्वयंपाकघरातून अशी हाक मारायची की साडूवाले वरून "काय झालं?" विचारायचे. आता हाक नाही, काही नाही. पाणी तापलं की येऊन दारावर टकटक करायची. मी मनात म्हणायचो, वयानुसार स्वभाव निवळतो तो असा. शाळेतही तिने ओरडणं सोडून शिट्टी वाजवायला सुरुवात केली होती. मला ते फार आधुनिक वाटलं, मी ऑफिसात सांगितलंसुद्धा. जेवायला तिला हल्ली वेळ लागायचा, घास बराच वेळ चावत बसायची. ते मी तब्येतीला चांगलं म्हणून मान्य केलं होतं.

दोन महिन्यांचं रजिस्टर घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायकोला बरोबर नेलं, कारण ती साक्षीदार होती. बाईंनी पानं उलटली.

"गाठ वर्षभरातही एवढी वाढत नाही. तुम्ही गळ्याची कातडी मोजताय."

"माझं साधन प्रमाणित आहे," मी म्हणालो. "तुमच्या मशीनचं काय?"

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्यापुढे सरकवलं. मला वाटलं, आता दरवाजा. पण त्या म्हणाल्या, "बरं. कसं तपासायचं सांगा."

मला आनंद झाला. असा सहकार्य करणारा दुकानदार विरळा! मी त्यांना समजावून सांगितलं की कुठलाही काटा तपासताना आधी तो रिकामा ठेवून बघतात. रिकाम्या तागडीत काटा शून्यावर हवा. तो शून्यावर नसेल तर पुढची सगळी मापं फुकट. तेव्हा आधी एक गाठ नसलेला, कोरा गळा घ्यावा आणि मशीन काय दाखवतं ते पाहावं.

"आणि असा गळा कुठून आणायचा?"

"आणलाय," मी बायकोकडे बोट दाखवलं. "हा माझा प्रमाण गळा."

बायको म्हणाली, "माझं कशाला? राहू दे ना." मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे." तिने गळ्याभोवतीचा स्कार्फ काढला. तो तिने कधीपासून बांधायला सुरुवात केली होती हे मला आजही नक्की सांगता येत नाही. ती पलंगावर आडवी झाली आणि आडवं होताच खोकली. बाईंनी जेली लावली, यंत्र फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं. पडद्यावर दोन टोकांना फुल्या उमटल्या आणि खाली आकडा आला. तीन पूर्णांक आठ.

"बघा!" मी जवळजवळ ओरडलोच. "बघा, शून्य चुकतंय! रिकाम्या गळ्यात तीन आठ दाखवतंय! मी पहिल्यापासून म्हणत होतो!"

बाईंनी बायकोला हळूच विचारलं, "गिळताना त्रास होतो?"

"होतो."

"आडवं झालं की दडपल्यासारखं?"

"हो. म्हणून खोकला येतो."

"आवाज?"

"दुपारपर्यंत दमतो. म्हणून शिट्टी घेतली."

"किती दिवस?"

"वर्ष झालं असेल."

माझं बोट अजून पडद्याकडेच होतं. ते खाली घ्यायचंही मला सुचलं नाही. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" आवाज माझाच होता, पण फार लहान आला.

"सांगणार होते. मग शिंप्याने तुमचं सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, आधी तुमचं एक होऊ दे."

मशीन बरोबर होतं. टेपसुद्धा बरोबर होती.

तिच्या गाठीत सुई घातली तेव्हा मी बाहेर बसलो होतो. रिपोर्टला चार दिवस लागणार होते. ते चार दिवस मी कशाचंही माप घेतलं नाही. कॅलिपर कपाटात ठेवला. रजिस्टर उघडलं तर पानापानावर "व्यत्यय (खोकला)" दिसायचं, म्हणून तेही बंद केलं. मला भीती वाटत होती आणि या वेळी तिला तत्त्वाचं नाव द्यायचीही ताकद नव्हती. साडूवाले जिन्यात भेटले. मी सांगितलं. ते दोन पायऱ्या खाली आले आणि म्हणाले, "आमच्या साडूला असं काही झालेलं नाही." त्यांच्या तोंडून ते ऐकून मला फार बरं वाटलं.

रिपोर्ट साधा आला. नियमाप्रमाणे पुन्हा एकदा सुई घातली, दुसराही साधाच आला. मी तिथेच, बाकावर, सगळ्यांसमोर रडलो. बायकोने मला स्वतःचा स्कार्फ दिला.

"कापून काढता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आवाजाची नस अगदी मागून जाते. सहसा काही होत नाही, तरी तुम्ही शिकवता, आवाजावर पोट आहे. गाठ साधी आहे, भरीव आहे, त्रास देतेय. भाजायची सुई तुमच्यासाठीच आहे. थोडा धोका त्यातही आहे, म्हणून काम चालू असताना मी तुम्हाला मधूनमधून बोलायला लावणार. आवाज बदलला की मी लगेच थांबणार."

म्हणजे दोन महिने ज्या सुईसाठी मी भांडत होतो ती तिला मिळाली. देवाशपथ, मला हेवा वाटला नाही.

रजेसाठी मी पुन्हा हेडक्लार्कसमोर उभा राहिलो. वैद्यकीय फॉर्म मागितलाच नाही. साध्या कागदावर लिहिलं, "बायकोजवळ बसायचं आहे, एक दिवस." तिने चष्मा वर केला, वाचलं, काही न विचारता सही केली आणि म्हणाली, "दोन दिवस लिहा."

त्या दिवशी मला आत बसू दिलं, एका अटीवर. तोंड उघडायचं नाही. टोपी, मास्क घालून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. बायकोचा गळा बधिर केला होता. सुई आत गेली, मशीन गुणगुणायला लागलं.

"बोला," बाई म्हणाल्या.

"एक, दोन, तीन, चार..."

"आकडे नकोत. घरी बोलता तसं बोला."

"घरी मी बोलत नाही. हे बोलतात."

नर्स मास्कमध्ये हसली. मशीन गुणगुणलं, थांबलं.

"बोला."

"आरसा धरून धरून माझा खांदा दुखतोय. दोन महिने झाले."

"छान. आवाज उत्तम."

पुन्हा गुणगुण. "बोला."

"मी खोकले की हे म्हणायचे, श्वास रोखून धर."

"फारच छान."

"यांची कॉलर अर्धा इंच वाढली तर अख्ख्या इमारतीला कळलं. मी वर्षभर हाक मारली नाही, तर यांना वाटलं मी सुधारले."

"वा! अगदी स्वच्छ."

मी तोंड उघडलं. बाईंनी मागे न बघता बोट वर केलं. "तुम्ही नाही."

असं तीस मिनिटं चाललं. लग्नापासूनचं सगळं आलं. माझ्या बहिणीसमोर मी तिची बाजू घेतली नव्हती ते आलं, पिशवीतली पट्टी आली, आमच्या पहिल्या सहलीत मी हॉटेलवाल्याचा काटा जप्त केला होता तोही आला. आणि प्रत्येक तक्रारीला डॉक्टरीणबाई मनापासून म्हणत होत्या, "छान! असंच बोलत राहा!" उभ्या आयुष्यात माझी एवढी शास्त्रोक्त तपासणी झाली नव्हती. पण खरं सांगू? मी स्टुलाची कड धरून मनात म्हणत होतो, बोल बाई, अजून बोल.

मग शेवटची जागा आली, नसेच्या सगळ्यात जवळची. मशीन थांबलं.

"बोला."

बायको गप्प.

"बोला ना."

काही नाही. बाईंचा हात थांबला. नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावरून उठलो होतो हे मला नंतर कळलं. एवढं सगळं ऐकून घेतलं आणि आता आवाजच गेला?

"संपलं माझं," बायको खणखणीत आवाजात म्हणाली. "सध्यापुरतं."

दोन तासांत आम्ही घरी आलो. गळ्यावर एक छोटी पट्टी, बस्स. पुढे महिन्यामहिन्याने खोकला कमी झाला, घास लवकर संपायला लागला. सहा महिन्यांनी तिची गाठ अडीचपर्यंत उतरली होती. माझी गाठ आहे तेवढीच आहे. तिच्यावर लक्ष आहे, पण ते डॉक्टरीणबाईंचं. शिंप्याकडे जाऊन मी सांगितलं, "कॉलर सोळा." त्याने टेप माझ्यापुढे धरली. मी तपासली नाही.

आणि परवाची गोष्ट. मी सकाळी खिडकीपाशी पेपर वाचत बसलो होतो. स्वयंपाकघरातून एकदम हाक आली, "अहोऽऽ! पाणी तापलंयऽऽ!"

वर साडूवाल्यांची खिडकी उघडली. "काय झालं?"

मी हाताने त्यांना गप्प राहायला सांगितलं. उत्तर दिलं नाही. पेपर तोंडासमोर धरून तसाच बसून राहिलो.

"अहोऽऽ! बहिरे झालात का?"

मी तरीही उत्तर दिलं नाही. मला अजून एकदा ऐकायची होती.